चौदा नंबरचं डावं दार

१

मोटारखान्यात आल्यावर सूर्याजी काटकर टोपी खुंटीला लावत आणि ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांची दारं एकेक करून उघडून लावत. लावताना डोळे मिटून ऐकत. इंजिनाचा आवाज कोणालाही कळतो, ते म्हणत, पण गाडीची तब्येत दाराच्या आवाजात असते. बत्तीस वर्षं हा नेम चालला होता. आधी ते दरबारच्या गाड्यांचे मिस्त्री होते. मग ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य आलं, गाड्यांवरची जुनी निशाणं खरवडून नवे नंबर रंगवले गेले आणि सूर्याजी त्याच छपराखाली फोरमन झाले. आता छप्पन सालच्या ऑक्टोबरात मध्यभारतही मोडायचा होता. एक नोव्हेंबरपासून नवं मोठं राज्य, राजधानी भोपाळ. गावात जिथे बघावं तिथे दफ्तरं पोत्यांत बांधली जात होती. सूर्याजींच्याही नावानं तबादल्याचा हुकूम निघाला होता: सात गाड्या घेऊन एकतीस तारखेपर्यंत भोपाळला हजर व्हावं.

सूर्याजींचे पणजोबा दख्खनेतून घोड्यावर बसून इथे आले होते. त्यानंतर काटकरांच्या घरातलं कोणी ग्वाल्हेर सोडून राहायला गेलं नव्हतं. हुकुमाचा कागद सूर्याजींनी आठ दिवस कोटाच्या खिशात ठेवला आणि नवव्या दिवशी बायकोला, कुसुमताईंना, दाखवला.

बारा तारखेला एक लाकडी खोकं आलं आणि त्याच्याबरोबर गाड्या बनवणाऱ्या विलायती कंपनीचं इंग्रजी पत्र. सुपरिंटेंडेंट रघुनाथराव यांनी ते वाचून मराठीत सांगितलं.

"कंपनी म्हणते, एकोणपन्नास सालच्या या गाड्यांत ड्रायव्हरशेजारच्या दाराचा खटका कच्चा निघाला. गाडी जोरात उजवीकडे वळली, की दार आपोआप उघडू शकतं. खटक्यावर आतून 'के' अक्षर कोरलेलं असेल तर तो काढून नवा बसवा. तोवर त्या सीटवर कोणालाही बसवू नका."

"आपोआप?" सूर्याजींनी विचारलं. "नीट लावलेलं दार?"

"असं लिहिलंय."

"सात वर्षांनी लिहिलंय."

रघुनाथरावांनी पत्राची घडी घातली. "काटकर, सात खटके आलेत. बसवा, गाड्या सुरक्षित आहेत म्हणून सही करा आणि चला भोपाळला. जुनं उकरायची ही वेळ नाही."

जुनं म्हणजे काय, ते दोघांनाही माहीत होतं.

२

मध्यभारताच्या राजधान्या दोन होत्या, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. दर सहा महिन्यांनी सरकार बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघे. साडेसहा वर्षांपूर्वी, पन्नास सालच्या एप्रिलात, अशाच एका हलवाहलवीत लक्ष्मीकांत पेंढारकर नावाचा सव्वीस वर्षांचा रेकॉर्ड-कारकून चौदा नंबरच्या गाडीत बसून इंदूरला निघाला. मागच्या सीटवर फायलींच्या पेट्या होत्या, म्हणून तो पुढे बसला, ड्रायव्हर उमाजीच्या डाव्या हाताला. शिवपुरी रस्त्यावर टेकडीला वळसा घालताना डावं दार उघडलं. लक्ष्मीकांत बाहेर पडला आणि जागच्या जागी गेला.

चौकशीत प्रश्न एकच होता. दार उघडलं कसं? उमाजी शपथेवर म्हणाला, दार मी स्वतः ढकलून लावलं होतं. मग गाडी सूर्याजींकडे आली. त्यांनी ते दार पन्नासदा उघडलं, पन्नासदा लावलं, खांद्यानं रेटलं, लाथ मारून पाहिली. शेवटी अहवालात दोन वाक्यं लिहिली. खटका शाबूत आहे. आतून हँडल फिरवल्याखेरीज हे दार उघडणं शक्य नाही.

पोरानं उडी मारली, असं त्यांनी कुठेही लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच उरली नाही. वाचणाऱ्यांनी वाचलं, सांगणाऱ्यांनी सांगितलं, आणि नया बाजारात लक्ष्मीकांतची विधवा आई सुधाताई यांच्या दारावरून जाताना लोक आवाज खाली आणू लागले.

आता कंपनी म्हणत होती, दार आपोआप उघडतं.

३

सहा गाड्यांचं काम तीन दिवसांत झालं. सूर्याजी दाराचं आतलं अस्तर सोडवत, हात घालून खटका काढत आणि उजेडात धरत. सहाही खटक्यांवर 'के' अक्षर होतं. शिकंज्यात धरून पिळला, की प्रत्येक खटका टक्कन सुटत होता. आवाज अगदी लहान, सुपारी फुटल्यासारखा. 

चौदा नंबर त्यांनी मागे ठेवली होती. पण सहावा खटका सुटल्यावर त्यांच्यानं राहवेना. दुपारच्या सुट्टीत ते तडक नया बाजारात गेले. बांगड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सुधाताई राहत होत्या. सूप पुढे घेऊन त्या गहू निवडत होत्या. साडेसहा वर्षांत सूर्याजींनी त्यांच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं.

"या भाऊ," त्या म्हणाल्या. जणू कालच येऊन गेलेल्या माणसाला म्हणावं तसं.

सूर्याजी बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. कंपनीचं पत्र, सहा खटके, आपला अहवाल. "चूक माझी होती, सुधाताई. लक्ष्मीकांतनं दार उघडलं नव्हतं. दारच..."

"जरा हळू बोला," सुधाताई म्हणाल्या.

शेजारपाजार ऐकेल म्हणून असेल, असं समजून सूर्याजींनी आवाज उतरवला. "दारच नादुरुस्त होतं."

सुधाताईंचा हात गव्हात तसाच थांबला होता. "माझी जाऊ चारचौघांत म्हणते, आईच्या जाचानं पोरानं उडी घेतली. मी कधी उलटून बोलले नाही. सरकारी कागदापुढे मी काय बोलणार?" त्यांनी डोळे पुसले नाहीत; पुसायला काही नव्हतंच. "त्याच्या गाडीतला खटका पाहिलात का तुम्ही?"

"उद्या काढतो. एकाच खेपेतल्या गाड्या आहेत. वेगळा असणार कसा?"

"मग भाऊ, एवढं मला कागदावर लिहून द्या."

सूर्याजींनी कबूल केलं. जिना उतरताना त्यांना कितीतरी वर्षांनी छाती भरून श्वास घेता आला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा नंबरचं डावं दार उघडलं, तेव्हा अस्तर सोडवण्याआधीच त्यांचा हात थबकला.

आतलं हँडल झिजलं होतं. बाकीच्या सहा गाड्यांत त्या हँडलांची निकलची चकाकी शाबूत होती, कारण साहेबलोक मागे बसत आणि डावी सीट बहुतेक रिकामीच जाई. चौदा नंबरमध्ये तर त्या एप्रिलनंतर पुढे बसायला कोणी राजीच नसे. तरी हिच्या हँडलवरची निकल पार उडून पितळ उघडं पडलं होतं आणि पितळही मध्ये खोलगट, जुन्या देवळातल्या पायरीसारखं.

कोणीतरी कानशीनं घासलं असेल, असं मनाशी म्हणून सूर्याजींनी अस्तर सोडवलं. खटका काढला. फडक्यानं पुसून उजेडात धरला, उलटा केला, चष्मा लावून पुन्हा पाहिला.

'के' नव्हता.

तो वेगळ्याच खेपेचा निघाला, जाड आणि घट्ट. शिकंज्यात धरून त्यांनी तो पिळला. घाम येईपर्यंत पिळला. खटका सुटला नाही. साडेसहा वर्षांपूर्वी लिहिलेली दोन वाक्यं अक्षरशः खरी होती. आपण खरे ठरलो याचं इतकं वाईट सूर्याजींना जन्मात वाटलं नव्हतं. नया बाजारात एक बाई कागदाची वाट बघत होती.

"खटक्यात काही नाहीये, फोरमनसाहेब," मागून उमाजी म्हणाला. साठीला टेकलेला उमाजी अजून हीच गाडी चालवत होता. अपघातानंतर त्यानं ती स्वतः मागून घेतली होती. "मी तर तेव्हाही म्हणत होतो."

"तेव्हा म्हणत होतास, दार मी लावलं. उघडलं कोणी, ते कुठे सांगितलंस?"

"कोण मानणार होतं?" उमाजीनं खांद्यावरचा गमछा काढून तोंड पुसलं. "त्यानंतर चौघं बसलेत इथे. मजबुरी होती म्हणून बसले. एक ओव्हरसियर, एक दवाखान्यातली बाई, दोघं दफ्तरवाले. चौघांचाही हात चालत्या गाडीत हँडलवर गेला. मी पकडून ठेवलं. विचारलं तर सगळ्यांचं एकच. 'आलं ना?' म्हणतात."

"काय आलं?"

"घर. त्यांना वाटलं, घर आलं. आजूबाजूला नुसत्या बाभळी, साहेब. आणि हे असे खुशीत, जसं कोणी दारात उभं आहे त्यांच्यासाठी."

सूर्याजींना हसू आलं नाही. त्यांनी हँडलवर बोट ठेवलं. "चार माणसांनी चारदा हात लावून पितळ झिजत नाही, उमाजी."

उमाजीनं गमछा पुन्हा खांद्यावर टाकला.

"सीट रिकामी असते तेव्हाही खुडखुड ऐकू येते," तो म्हणाला. "मी बघत नाही. ड्रायव्हरनं समोर बघायचं असतं."

५

सूर्याजी विचार करणारे मिस्त्री होते. नादुरुस्ती वस्तूत असते, नाहीतर वापरणाऱ्यात. तिसरी जागा त्यांना ठाऊक नव्हती. चौघांनी लक्ष्मीकांतची गोष्ट ऐकलेली असणार, त्या सीटवर बसल्यावर मनात तेच घोळणार, हात आपसूक तिकडे जाणार. उमाजीचं वय झालंय. रस्ता खडबडीत आहे, हँडल खुडखुडणारच. एवढं सगळं मनाशी मांडूनही गाडीवर सही करायला हात उचलेना. भोपाळपर्यंत अडीचशे मैल. त्या सीटवर कोणीतरी बसणारच होतं.

"आज दुपारी काढ गाडी," ते म्हणाले. "मी बसतो."

उमाजीनं वाद घातला नाही. दुपारी अडीचला निघताना मात्र त्यानं आपला गमछा सूर्याजींच्या कमरेभोवती गुंडाळला आणि त्याचं टोक सीटच्या लोखंडी दांड्याला गाठ मारून बांधलं.

"मी काय लहान पोर आहे?"

"राहू द्या."

इंदरगंजचा चौक आला. चौकामागच्या गल्लीत सूर्याजींचं घर होतं. गल्लीच्या तोंडाकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं. काही वाटलं नाही. पानवाला, सायकलवाला, उन्हात वाळत टाकलेल्या गाद्या. गाव मागे पडलं. शिवपुरी रस्त्याला लागल्यावर ते हँडलकडे डोळे लावून बसले. टेकडी आली, ते वळण आलं, गाडी उजवीकडे झुकली, सूर्याजींचा खांदा दाराला टेकला. दार हललंसुद्धा नाही. वळण गेलं.

त्यांनी सुस्कारा सोडला. पुढे सरळ रस्ता होता, दोन्हीकडे उघडी तांबूस जमीन, लांबवर एक गुराखी. उमाजी गाडी परत वळवायला मोकळी जागा बघत होता. सूर्याजींनी घड्याळ पाहिलं, तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

तेव्हा ते आलं.

डोळ्यांना काहीच दिसलं नाही. बाभळी बाभळीच राहिल्या. पण अंग सैल पडलं. दिवसभर राबून आपल्या गल्लीच्या तोंडाशी पोचलेल्या माणसाचं पडावं तसं. गुडघे आपोआप जुळले, पाय जोड्यांतून निघायला अधीर झाले, घशाशी हाक आली. इतका विसावा सूर्याजींना आईच्या मांडीनंतर मिळाला नव्हता. भीती नव्हती. चला, आलं एकदाचं, एवढाच विचार होता, आणि तोही विचार म्हणण्याइतका वेगळा नव्हता.

कमरेला जोराचा हिसका बसला.

दार सताड उघडं होतं. खाली रस्ता वाहत होता. सूर्याजींचा एक पाय बाहेर होता आणि डाव्या मुठीत हँडल होतं. हँडल कोमट लागत होतं, नुकत्याच दुसऱ्या कोणीतरी सोडलेल्या वस्तूसारखं. उमाजीनं एका हातानं त्यांची कॉलर धरली होती. गाडी थांबली, तरी त्याला ती सोडवेना.

"काय म्हणालात, आठवतं?" त्यानं विचारलं.

"मी कुठे काय म्हणालो?"

"'कुसुम, दार उघड,' म्हणालात."

सूर्याजी उतरून रस्त्याच्या कडेला बसले.  खरं सांगायचं तर भीतीहून दुसरीच एक गोष्ट त्यांना जास्त झोंबत होती. त्या विसाव्यातून आपल्याला ओढून काढलं, याचा राग.

"तुला कधी असं झालं नाही?" त्यांनी विचारलं.

"मी ड्रायव्हर आहे," उमाजी म्हणाला. "मला कुठे घर येतं?"

६

परतल्यावर सूर्याजींनी पेचकस घेतला आणि डावी सीट उपटून काढली. सुरीनं अस्तर फाडलं. आत काथ्या होता, स्प्रिंगा होत्या, एक पिचलेलं बटण होतं. बाकी काही नाही. काथ्या त्यांनी पेटवून दिला. दाराचं हँडल काढलं आणि आतून लोखंडाची पट्टी आडवी ठोकली.

रघुनाथराव बाहेर येऊन बघत होते. "हे काय चाललंय, काटकर? कंपनीनं खटका बदलायला सांगितलाय."

"सहांचा बदलला. हिचा खटका चांगला आहे, साहेब. सहांवर सही करतो. हिच्यात पुढे सीट नाही, असं लिहून मगच सही करीन."

"वर काय कारण सांगू?"

"मी बसून पाहिलं," सूर्याजी म्हणाले. "माझाही हात गेला."

 रघुनाथरावांनी आपला डावा हात धोतराला पुसला. "मी मागेच बसतो," ते म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. "नेहमी मागेच बसतो मी." मग त्यांनी सूर्याजींच्या हातातला गाड्यांच्या दाखल्याचा कागद घेतला आणि न वाचता खाली सही केली.

पाच वाजता सूर्याजी नया बाजारात गेले. खिशातल्या कागदावर त्यांनी लिहिलं होतं: 'लक्ष्मीकांतनं जीव दिला नाही. घर आलं असं वाटून तो उतरला. मी स्वतः त्या जागी बसून हे अनुभवलं आहे. माझ्या अहवालाचा लोकांनी काढलेला अर्थ खोटा आहे. सूर्याजी काटकर, फोरमन.'

कंपनीच्या खटक्याचं त्यात काहीच नव्हतं. याबद्दल बाई रागावतील, रडतील, काय म्हणतील, असं वाटून ते सुधाताईंच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. सुधाताईंनी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून देवापुढे ठेवला.

"हे मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्या कोणीतरी लिहून द्यायला हवं होतं."

"ठाऊक कसं असेल?"

"त्या दिवशी दहा वाजता तो गेला आणि पाऊण तासात परत आला." त्या हळू बोलत होत्या. "कडी वाजली. मोरीवर पाय धुतले त्यानं. मी चुलीपुढे होते, म्हटलं, जाणं रद्द झालं वाटतं. 'आलास का रे?' विचारलं. 'हो' म्हणाला आणि आत जाऊन पडला. मी त्याचा भात झाकून ठेवला. उठवलं नाही. रात्रीचं जागरण होतं ना त्याला, फायली बांधण्याचं. चार वाजता दफ्तरातली माणसं आली सांगायला, की वाटेत असं असं झालं. मी म्हटलं, नाही हो, तो आत झोपलाय."

खाली बांगड्यांच्या दुकानात कोणीतरी किंमत पाडून मागत होतं.

"आणि आत?"

 आतल्या खोलीकडून पाण्याचा आवाज आला. तांब्यानं पायांवर पाणी घ्यावं, आधी एका, मग दुसऱ्या, तसा. सूर्याजींनी मान वळवली. दाराच्या फटीतून मोरीचा कोपरा दिसत होता आणि ओल्या फरशीवरून एक टाच पलीकडे गेली. तेवढीच.

"घर त्याचंच आहे, भाऊ," सुधाताई म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."

७

सूर्याजी चहाला थांबले नाहीत. महाराज बाड्याच्या चौकावरून, दिवाळीच्या गर्दीतून, ते जवळजवळ पळतच निघाले. डोक्यात एकच हिशेब चालू होता आणि तो त्यांना पुरा करायचा नव्हता.

घराचं दार उघडं होतं. कुसुमताई ओट्याजवळ पाट घेऊन करंज्या भरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"झाली का झोप? चहा दोनदा उकळून ठेवला, तुम्ही काही उठला नाहीत."

सूर्याजी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"मी केव्हा आलो?"

"आता हेही मीच सांगू? गिरणीचा तीनचा भोंगा झाला, त्यानंतर थोड्या वेळानं. 'कुसुम, दार उघड' म्हणून हाक मारलीत ती गल्लीभर ऐकू गेली असेल." मग कुसुमताईंनी मान वर केली. नवऱ्याच्या पायांतले धुळीनं भरलेले जोडे पाहिले. "अहो, पण तुम्ही बाहेर केव्हा गेलात?"

 जोड्यांसकट सूर्याजी स्वयंपाकघर ओलांडून गेले, आजवर असं कधी केलं नव्हतं, आणि आतल्या खोलीचा पडदा हातभर बाजूला केला.

खाटेवर कोणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं. सूर्याजींना आधी वाटलं, थोरला भाऊ आलाय. माणसाला स्वतःची पाठ कधी दिसलेली नसते, ती ओळखू येत नाही. मग त्यांना बंडीच्या खांद्यावरचं ठिगळ दिसलं. गेल्या आठवड्यात कुसुमनं पांढरा दोरा नव्हता म्हणून निळ्यानं शिवलेलं. तेच ठिगळ या क्षणी सदऱ्याच्या आत त्यांच्या खांद्याला टोचत होतं.

झोपलेल्याचा श्वास संथ होता. कुठेही जायचं नसलेल्या माणसाचा श्वास.

ऊन लागलंय, सूर्याजींनी स्वतःला सांगितलं. हिसका बसलाय, डोकं ठिकाणावर नाही. पुढे होऊन खांद्याला हात लावला की झालं. एक पाऊल, फार तर दोन. पण हात लावला आणि तो वळला तर मग या घरातून कोणाला निघावं लागेल, ते त्यांना सांगता येईना. त्यांनी पडदा सोडला.

"झोपू दे," ते म्हणाले.

कुसुमताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून पुढची करंजी भरायला घेतली.  

८

तीस तारखेला सात गाड्या भोपाळला निघाल्या. चौदा नंबर उमाजीनं नेली. डाव्या बाजूला नुसता पत्रा होता आणि वाटेत काही घडलं नाही.

भोपाळात बिऱ्हाडाची सोय नव्हती. ग्वाल्हेरहून आलेल्या माणसांना एकेका खोलीत चौघं असं ठेवलं होतं. बायकामुलं उन्हाळ्यानंतर आणावीत, असं ठरलं होतं. चौघं जण संध्याकाळी बसून घरच्या आठवणी काढत. सूर्याजी त्यांच्यात बसत, पण बोलत नसत. सकाळी टोपी खुंटीला लावून नव्या मोटारखान्यातल्या गाड्यांची दारं उघडून लावत. आवाज त्यांना पूर्वीसारखे कळेनासे झाले होते.

कुसुमताईंची पत्रं दर पंधरा दिवसांनी येत. नळाला पाणी कमी येतं, शेजारच्या मंदाताईंची मुलगी उजवली, यंदा थंडी फार आहे. शेजारच्या खाटेवरच्या कारकुनाची बायको प्रत्येक पत्रात 'केव्हा येता' एवढंच लिही. कुसुमताईंनी ते कधी लिहिलं नाही.

संक्रांतीसाठी सूर्याजींनी रजा मागितली. मिळाली. मंजुरीचा कागद त्यांनी खिशात ठेवला, तिकीट काढायला म्हणून स्टेशनापर्यंत गेले आणि तिथल्या बाकावर बसून राहिले. दोन गाड्या ग्वाल्हेरच्या दिशेनं गेल्या. मग त्यांनी पोस्टाचं कार्ड घेतलं आणि मांडीवर ठेवून लिहिलं, 'यंदा रजा मिळाली नाही. यायला जमत नाही. वाईट वाटून घेऊ नये.'

आठ दिवसांनी कुसुमताईंचं उत्तर आलं. कार्ड पोचल्याचा त्यात उल्लेख नव्हता. संक्रांत नीट पार पडली, हळदीकुंकवाला बायका बऱ्याच आल्या, असं लिहिलं होतं. आणि शेवटी, थोडीच जागा उरली म्हणून बारीक अक्षरात:

'तिळाच्या वड्या यंदा छान खुसखुशीत झाल्या. तुम्ही सात खाल्ल्यात.'